मोरसच्या गठ्ठ्यातली हळद

सोलापूर, ता. ११ जून १९३२

चन्नवीर,

बारा वर्षं मी तुला 'मस्यू' म्हणत आले. पेढीच्या छापील कागदावर, फ्रेंचमध्ये, शेवटी 'आपला नम्र सेवक' या अर्थाचं लांबलचक शेपूट लावून. मजकूर मी लिहायची, खाली सही मालक शिवलिंगप्पा करायचे, आणि तिकडे मोरस बेटावर, पोर्ट लुईच्या धक्क्याजवळच्या दुकानात पेढीचा अडत्या म्हणून बसून तू वाचायचास. अक्षर बहिणीचं आहे हे तुला कळत होतं. तुला कळतंय हे मला कळत होतं. तेवढ्यावर आपण दोघांनी निभावलं.

आता मी निवृत्त झाले. शाल, नारळ आणि एक घड्याळ मिळालं. घड्याळ चालत नाही. पेढीचा कागद हातून गेला तसं तुला मस्यू म्हणायचं कारणही गेलं. म्हणून हे मराठीत. आशीर्वाद लिहायचा विसरले असं समजू नकोस, तो राखून ठेवला आहे.

कामाचं लिहिते. तुझ्या एका रिपोर्टानं बजाबाईची नोकरी गेली.

बजाबाई कोण, असं तुझ्या भुवया उंचावून विचारू नकोस. मालधक्क्याजवळच्या आपल्या गोदामात गठ्ठे शिवणारी. तू मोरसला निघालास तेव्हा तुझ्या पेटीला दोरी तिनंच आवळली होती, आणि ती दोरी मुंबईपर्यंत सुटली नाही असं तूच लिहिलं होतंस. तिची पद्धत तुला ठाऊक आहे. साखर पेठेतल्या मागांवरची लुगडी गोदामात आली, मोजून झाली, मेणकापड आणि किंतान चढलं, की शेवटचा गठ्ठा शिवण्याआधी ती त्यात मूठभर तांदूळ, खोबऱ्याची वाटी आणि हळदीकुंकवाची पुडी ठेवते. एवढा माल समुद्रापलीकडे निघाला. लेक सासरी चालली, तिला मोकळ्या ओटीनं कशी धाडू, असं तिचं म्हणणं. कॉन्व्हेंटातल्या मदरच्या हाताखाली शिकलेली मी, मला वर्षानुवर्षं हसू यायचं. शिवलिंगप्पा हसत नसत. ते चप्पल काढून उभे राहत.

ते गेले. आता गादीवर त्यांचा मुलगा शिवपुत्र आहे. मुंबईला कॉमर्स शिकून आला आहे आणि कोटाच्या खिशाला दोन फाउंटन पेनं लावतो. एकानं तरी लिहिलेलं मी पाहिलं नाही. त्याच्या टेबलावर तुझा रिपोर्ट आला: मार्चच्या बोटीनं आलेल्या मालातला एक गठ्ठा भिजला, आतली लुगडी पिवळी झाली, विमा कंपनीच्या माणसानं 'हा डाग समुद्राच्या पाण्याचा नसून मसाल्याचा आहे' असं लिहून भरपाई नाकारली. आणि खाली तुझं स्वतःचं वाक्य: 'ही अडाणी चाल ताबडतोब बंद व्हावी व जबाबदार व्यक्तीस काढून टाकावे.'

त्या दिवशी मी गोदामात होते. माझी छत्री राहिली होती. (छत्री घरीच होती. पण तुला खरं सांगायला आता कुणाची परवानगी लागत नाही.) शिवपुत्र म्हणाला, "बजाबाई, आता सायंटिफिक पॅकिंगचे दिवस आलेत."

"म्हंजी काय वो, धाकलं मालक?"

"म्हणजे उद्यापासून तुझी गरज नाही."

"मग असं मराटीत सांगा की. मी उगंच भ्याले."

दाभण साडीच्या पदराला पुसून तिनं खिळ्याला अडकवला, आणि गेली. ती गेल्यावर मी बोलले. काय बोलले ते शिवपुत्र तुला कळवीलच.

आता तू एवढं कर. येत्या बोटीनं त्याला लिही की गठ्ठा तुमच्या धक्क्यावर पावसात उघडा पडला होता आणि डाग त्या पाण्यानं पसरला. खोटं लिहायला सांगत नाही. तुझ्याच रिपोर्टात वरच्या ओळीत ते आहे, तू फक्त खाली उतरताना विसरलास. बजाबाईचं वय झालं. दुसऱ्या पेढीवर तिला कुणी घेणार नाही. नवरा बोटीवर कोळसा ओढायला म्हणून गेला तो परत आला नाही. मेल्याचं कळलंही नाही, म्हणून कुंकू तेवढं लावते. तिच्यापाशी काम होतं, आता तेही नाही.

नीलगंगा


सोलापूर, ता. ३ सप्टेंबर १९३२

चन्नवीर,

तुझं पत्र मिळालं. टाइप केलेलं. इंग्रजीत. 'डिअर मॅडम.'

मला वाटलं पाकीट बदललं. मग खाली तुझी सही दिसली. इंग्रजी मी मदरकडून शिकले, तू माझ्याकडून, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून. तेव्हा अधिकारानं सांगते की दुसऱ्या परिच्छेदातलं क्रियापद चुकलं आहे. बाकी मजकूर निर्दोष आणि निर्जीव. तू म्हणतोस, अडत्याचं काम मालाच्या स्थितीची खरी खबर देणं, माणसांची कीव करणं नव्हे. आणि घरगुती बाबी व्यापारात आणू नयेत.

घरगुती बाबी मी आणल्या नव्हत्या. तू आणल्यास, म्हणून उत्तर देते. अव्वा गेली तेव्हा मी तार केली. तुझी उलट तार आली: 'तार पोहोचली.' मालाची पोहोच देतात तशी आईच्या मरणाची पोहोच. ती तार मी कुणाला दाखवली नाही. अजून ट्रंकेत आहे.

आणि तुझ्या लग्नाचा फोटो परत पाठवला तो अव्वानं. मी नाही. पाकिटावर पत्ता माझ्या अक्षरात होता, कारण त्या घरात इंग्रजी पत्ता लिहिता येणारं दुसरं कोण होतं? मोरसला ऊसतोडीला गेलेल्या कोकण्यांची नात लिंगायताच्या घरात सून म्हणून चालणार नाही, असं अव्वा म्हणाली. माझं मत तिनं विचारलं नाही. नवव्या वर्षी विधवा झालेल्या मुलीला अप्पांनी कॉन्व्हेंटात घातलं, तेव्हापासून घरात माझं मत फक्त पत्त्यांपुरतं विचारत.

असो. दमले आहे. पुढचं सांगते.

गोदामाचा नवा थाट ऐक. मुंबईहून दाबयंत्र आलं आहे. पूर्वी दोन बायका आणि चार हमाल जो गठ्ठा बांधत, तो आता यंत्र कचकन दाबतं, वर लोखंडी पट्ट्या बसतात. दिसायला देखणा, हे मी कबूल करते. तांदूळ नाही, खोबरं नाही. त्याऐवजी प्रत्येक लुगड्याच्या घडीत डांबरगोळ्या. गोदामात पाय ठेवला की सिव्हिल हॉस्पिटलात आल्यासारखं वाटतं. शिवपुत्र छाती भरून श्वास घेतो आणि म्हणतो, "बाई, हा मॉडर्न वास." मी म्हटलं, "हो, मेल्यावर असाच येतो." तो माल गेल्या बोटीनं रवाना झाला. तुझ्याकडे पोहोचला असेल.

बजाबाईला शोधून काढली. इथल्या मालधक्क्यावर शेंगा निवडायला जाते. पाठ पहिल्यापेक्षा वाकली आहे, जीभ नाही.

"बरी आहेस का गं?"

"बरी नसून काय करू, मडमबाई? आजारी पडायला बी जागा लागती."

मी म्हटलं, भावाला लिहिलं आहे. ती सुपातल्या शेंगा पाखडत राहिली. मग म्हणाली, "तुमचा भाऊ लई शिकलाय म्हनं."

"शिकलाय."

"मग त्याच्या बायकूला इचार म्हनावं, ओटी नासली का म्हून. बाप्याला काय कळतंय त्यातलं?"

मी विचारलं, त्याच्या बायकोचं तुला कुणी सांगितलं?

"त्याच्या पेटीची दोरी मी बांदली न्हवं? कुटं गेला, कुनाचा झाला, आमाला कळतंय की. तुमच्याच घरात कुनाला कळंना झालंय."

हे तुला कळवायचं की नाही, यावर दोन दिवस विचार केला. कळवलं.

तू शिवपुत्रला अजून काही लिहिलं नाहीस असं दिसतं.

नीलगंगा


सोलापूर, ता. १८ डिसेंबर १९३२

तम्मा,

तुझं हातानं लिहिलेलं पत्र आलं, म्हणून धाकट्या भावाला पुन्हा तम्मा. मराठीत. अक्षर तेच, 'ळ' अजूनही पोट फुगलेला. चष्मा पुसून दोनदा वाचलं. धूळ होती.

तर नवा माल खपत नाही. पट्ट्यांचे गठ्ठे उघडलेस, लुगडी दुकानात मांडलीस, रविवारी मळ्यांवरच्या मराठी बायका आल्या, त्यांनी घडी उलगडून नाकाला लावली आणि खाली ठेवून निघून गेल्या. "हे आमचं नव्हे." तू पेढीचा मोराचा छाप दाखवलास तर एक म्हातारी म्हणाली, "मोर तर त्या जपान्याच्या लुगड्यावर पण हाय." पलीकडच्या दुकानात आपल्या लुगड्याची हुबेहूब जपानी नक्कल आली आहे, काठ तेच, छाप तोच, किंमत निम्मी, आणि तिलाही हाच डांबरगोळ्यांचा वास. आतापर्यंत बायका खरा माल ओळखत त्या हळदीच्या वासानं. तू लिहितोस, गठ्ठे आले की त्यातला ओटीचा गठ्ठा कोणता हे त्या आधी विचारत. पिवळा ठिपका पडलेलं लुगडं पहिल्यांदा जाई. भिजलेला गठ्ठा विमावाल्यानं नासका ठरवला, तो त्यांनी तुझ्या दारातून उचलून नेला होता. मग तो रिपोर्ट तू कोणत्या तोंडानं लिहिलास? तू म्हणतोस, भरपाई नाकारली गेली तेव्हा कुणावर तरी ठपका ठेवणं भाग होतं, आणि त्या बायका हळदीसाठीच आपला माल घेतात हे तेव्हा तुला ठाऊक नव्हतं.

आणि हे सगळं तुला कसं समजलं? 'घरच्यांनी सांगितलं.' बायका बोलल्या त्यांच्यापाशी, तुझ्यापाशी नव्हे.

घरचे म्हणजे कोण, चन्नवीर? आदरार्थी बहुवचन मीच तुला शिकवलं, पण बहुवचनाला चेहरा नसतो. नाव लिही.

तुझं पत्र घेऊन मी तशीच नव्या पेठेत पेढीवर गेले. इथे साखर पेठेत मोरसच्या लुगड्यांचे माग बंद पडायला लागले आहेत. विणकर पेढीच्या पायरीवर बसून असतात. तीस सालच्या मार्शल लॉत शिपायांनी डोक्यावरच्या खादी टोप्या काढून घेतल्या तेव्हाही ते असे हात बांधून बसले नव्हते. त्यांना ओलांडून शिवपुत्रच्या खोलीत गेले. त्याच्यापुढे तू पाठवलेला पेढीचा रिपोर्ट होताच.

"बाई, तुम्हाला आनंद झाला असेल."

"या वयात आनंद पचत नाही. पुढं काय करणार?"

"ट्रेडमार्क मोठा करू. सोनेरी मोर."

"जपान्याचा मोर तुझ्याहून बरा नाचतो."

तो पेनाचं टोपण काढघाल करत राहिला. मग एकदम त्याचा चेहरा उजळला. "सोपं आहे! पंप आणतो. गठ्ठा बांधला की वरून हळदीची फवारणी. मिनिटाचं काम."

"फवार. मग तिकडच्या बायका म्हणतील, सोलापुराहून माल आला की भंडारा उधळला?"

"मग काय करू? अप्पा चप्पल काढून उभे राहायचे, तसा उभा राहू?" हे त्यानं रागानं विचारलं, पण विचारलं. मी म्हटलं, आधी बजाबाईला बोलाव. तो म्हणाला, काढलेल्या माणसाला परत बोलावलं तर गोदामात शिस्त काय राहील? मी म्हटलं, माल खपला नाही तर गोदाम काय राहील?

त्यानं कारकुनाला पाठवतो म्हटलं. स्वतः जा म्हटलं तर ऐकलं नाही. दोन पेनं खिशात असली की माणसाला वाकता येत नाही.

माझ्या गुडघ्यांचं विचारलंस. पहिल्यांदाच विचारलंस, म्हणून सांगते: दुखतात.

अक्का


सोलापूर, ता. ५ फेब्रुवारी १९३३

तम्मा,

तुझं उत्तर अजून वाटेत असेल. पण परवा माल निघतो, त्याच्याआधी टपालानं हे जायला हवं. म्हणून वाट न पाहता लिहिते.

कारकून बजाबाईकडे गेला आणि एवढंसं तोंड घेऊन परत आला. "न्हाय येत" एवढंच उत्तर. दुसऱ्यांदा गेला तेव्हाही तेच. संक्रांतीची गड्ड्याची जत्रा झाली, बोटीची तारीख जवळ आली, तेव्हा परवा दुपारी शिवपुत्र माझ्या दारात. चप्पल बाहेर काढली होती. मी छत्री उचलली. बोलायचं पुष्कळ होतं.

टांग्यानं मालधक्क्यावर गेलो. बजाबाई शेंगांच्या ढिगापाशी. तिनं मान वर केली नाही.

शिवपुत्र म्हणाला, "बजाबाई, माझं चुकलं. कामावर ये."

"कशाला? तुमचं ते मशीन हाय की."

"मशीनला ओटी भरता येत नाही."

"आता मराटी बोलायला लागला बगा," ती मला म्हणाली. मग सूप बाजूला ठेवलं. "येते. पर दोन गोष्टी. ती दवाखान्याची गोळी आदी काडा. माजं तांदूळ त्या वासात ठिवनार न्हाय."

"काढतो. दुसरी?"

दुसरीसाठी ती त्याच्याशी बोललीच नाही. माझ्याकडे वळली. "इतकी वर्सं बिननावाची ओटी भरली. मोरसची लेक, मोरसची लेक. कोन लेक? तुमच्या भावानं लिवलं, अडाणी चाल. खरंच की. नाव ठावं नसताना ओटी भरायची म्हंजी अडाणीपनाच. औंदा नाव घिऊन भरनार. तितं तुमची एक भावजय हाय. तिचं नाव सांगा."

शिवपुत्र माझ्याकडे पाहायला लागला. त्याला वाटलं असेल, ही काय अट. आपल्या घरात ते नाव कधी कुणी घेतलं नाही, हे त्याला कसं ठाऊक असणार? अव्वा 'ती' म्हणायची. 'ती मोरसची.' अव्वा गेल्यावर तेही म्हणणारं कुणी उरलं नाही.

तुझं उत्तर आलेलं नव्हतं. त्याची गरजही नव्हती. तुझ्या लग्नाच्या फोटोच्या मागं नाव शाईनं लिहिलेलं होतं, आणि पत्ता घालायच्या आधी फोटो उलटून पाहिल्याशिवाय पाकीट चिकटवणारी मी नव्हे.

"मुक्ता," मी म्हटलं.

"मोट्यानं. शेंगा वाजत्यात."

"मुक्ताबाई!"

दोन हमालांनी माना वळवल्या. बजाबाई उठली, गुडघ्यांवर हात देऊन, माझ्यासारखीच. "चला."

काल गोदामात गठ्ठे बांधले. दाबयंत्र ठेवलं आहे. पट्ट्याही बसतात, ते चांगलं आहे, कारण तुमच्या धक्क्यावर पाऊस पडायचा थांबणार नाही. हळदीची पुडी आता मेणकापडाच्या दोन पदरांत. ही बजाबाई आणि शिवपुत्र यांच्यातली तडजोड, तासभर भांडून. पण वरचा टाका ती मुद्दाम सैल घालते. "वास तरी जाऊ दे," म्हणाली.

शेवटच्या गठ्ठ्यापाशी तिनं तांदूळ ओंजळीत घेतले आणि थांबली.

"मडमबाई, हात लावा."

मी म्हटलं, अगं मी विधवा. मला ओटी चालत नाही.

"मोरसात कोन बगतंय?"

"इथं सगळे बघतायत."

"बगू द्या की. माजा नवरा जित्ता का मेला, कुनाला ठावं? तरी मी भरतेच. तुमचा मेला हे तरी नक्की हाय. घोळ नको." आणि माझे हात ओढून ओंजळीखाली लावले. शिवपुत्र खिडकीबाहेर बघत होता. पायात चप्पल नव्हती.

तर ऐक. त्या गठ्ठ्यावर काळ्या शाईनं 'मु' काढलेला आहे. सर्वांत वर एक हिरवं लुगडं आहे, तांबड्या काठाचं, साखर पेठेतल्या ज्या मागावर पुढच्या बोटीचा माल लागला आहे त्याच मागाचं. ते दुकानात मांडू नकोस. ट्रंकेत जपूनही ठेवायचं नाही, नेसायचं आहे. खोबऱ्याची वाटी बोटीत खवट होईल, ती टाकली तरी चालेल. तांदूळ टाकू नये.

बजाबाई कामावर आहे. दाभण त्याच खिळ्याला होता, कुणी हलवला नव्हता. तूही शिवपुत्रला दोन ओळी लिही. उशीर झाला तरी लिही. तिला वाचून दाखवायच्या आहेत.

आशीर्वाद राखून ठेवला होता, तो आता दोघांना.

आणि हे नीट वाच. या मालाची पोहोच पेढीला तू दे, नेहमीसारखी. पण 'मु' गठ्ठ्याची पोहोच तुझ्या हातची चालणार नाही. ती मुक्तानं द्यावी. मराठीत, तिला येतं तसं. शुद्धलेखन मी तपासणार नाही, असं लिहिणार होते. पण नव्या नात्याची सुरुवात खोट्यानं कशाला करू?

अक्का